नाल्यावरची रेघ

महापालिकेच्या निवडणुकीसाठी नव्या वॉर्डांचा कच्चा नकाशा प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लागला, त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या दारात उभे राहिले. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये नकाशाचा फोटो. भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या आमच्या सहा विंगांच्या सोसायटीमधून, बरोबर गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, एक जाड लाल रेघ गेली होती. ए ते डी या चार विंगा एका वॉर्डात आणि ई, एफ दुसऱ्या.

"आंटी, देखो तो सही," ते म्हणाले. "एक ही पार्किंग, एक ही टंकी, और नगरसेवक अलग अलग! आप वकील के यहाँ थीं ना? कुछ लिख दो."

मी वकिलाकडे होते हे खरं. फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत एका वकीलसाहेबांकडे मी स्टेनो म्हणून लागले ती थेट त्यांनी काम थांबवलं तोवर तिथंच राहिले. तेव्हा आम्ही गिरगावात राहत होतो. मुलगी मोठी झाली, दोन खोल्या पुरेनात, म्हणून भाईंदरला आलो. साहेबांकडे निवडणुकीचे खटले बरेच यायचे. कोणाचं नाव यादीतून गेलेलं, कोणाच्या मतदारसंघाची हद्द बदललेली. ते खोलीत येरझारा घालत बोलायचे आणि मी लघुलिपीत उतरून घ्यायचे. कायद्याची परीक्षा मी कधी दिली नाही, पण इतकी वर्षं एकाच विषयाचा उच्चार कानावर पडला की तो थोडा अंगात भिनतोच.

साहेबांचा एक आवडता मुद्दा होता. ते म्हणायचे, मताचं भांडण दोनदा झालं. पहिलं भांडण, मत कोणाला द्यायचं. इंग्रजांच्या काळात सारा भरणाऱ्याला, थोडंफार शिकलेल्याला मत होतं, बाकीच्यांना नव्हतं. स्वातंत्र्य येताना मोठमोठी शहाणी माणसंही विचारत होती, की ज्याला सही येत नाही त्याच्या हाती राज्य कसं द्यायचं? शेवटी ठरलं, सगळ्यांना द्यायचं. दुसरं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. मत सगळ्यांना मिळालं, पण माझ्या मताला तुझ्या मताएवढंच वजन आहे का? एका नगरसेवकामागे इथं इतकी माणसं आणि तिथं त्याच्या दुप्पट, तर तिथल्या माणसाचं मत अर्धंच झालं.

नकाशा बघून माझे मिस्टरही हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने विचारत होते. "तिकडे चेण्याला एवढं रान आहे, डोंगर आहे, आणि त्याला मिळून एक वॉर्ड. इथं चार गल्ल्यांना एक. हे कसं काय?"

"मत माणसाला असतं, झाडाला नाही," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि चष्मा पुसून पुन्हा नकाशात डोकं घातलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना असं एखादं काम हवंच असतं.

मी त्याच रात्री जेवणाआधी हरकत लिहायला बसले. वॉर्ड पाडण्याचे नियम तसे सरळ आहेत. प्रत्येक वॉर्डाची लोकसंख्या सरासरीच्या आसपास हवी, ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी-जास्त चालत नाही. हद्द शक्यतो मोठा रस्ता, नाला, रेल्वे यांच्यावरून जावी. आणि जनगणनेच्या वेळी शंभर-दीडशे घरांचे जे गट केले होते, त्या गटांचे तुकडे पाडायचे नाहीत. नकाशासोबत गटांची यादी होती. आमच्यामागे थोड्या अंतरावर एक नाला आहे. रेघ आमच्या गेटवरून उचलून त्या नाल्यावर नेली, तर आमच्या सहाही विंगा ई-एफच्या वॉर्डात, म्हणजे दुसऱ्या सोसायट्यांबरोबर जात होत्या. सेक्रेटरींना हेच हवं होतं. बिल्डिंगवाले बिल्डिंगवाल्यांसोबत. मिस्टरांनी आकडे जुळवून पाहिले, ते मर्यादेत बसत होते.

दोन पानी हरकत झाली. 'नाला ही नैसर्गिक हद्द असून' अशी सुरुवात केली आणि साहेबांच्या थाटात एकामागून एक मुद्दे मांडले. खरं सांगायचं तर मला ती इतकी आवडली की टाइप झाल्यावर मी ती मोठ्याने वाचून दाखवली. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी ती दाखल करून पोच घेतली आणि सोसायटीच्या ग्रुपवर माझं नाव न घेता 'हमारी आंटी' म्हणून कौतुक केलं.

हरकतींची मुदत संपायला तीन दिवस होते, तेव्हा दुपारी बेल वाजली. दारात एक उंच, काटक म्हातारे गृहस्थ होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. नाल्याजवळच्या गावठाणात राहणारे. मी त्यांना बाजारात मेथी-माठ विकत घेताना पाहिलं होतं, पण बोलणं कधी झालं नव्हतं.

"ताई, तुमी कायद्याचं लिवता असं कलालं," ते म्हणाले. "आमचा एक अर्ज लिवून द्याल का?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. प्रभाग कार्यालयातून मिळवलेली, माझ्याच हरकतीची झेरॉक्स होती ती.

"यो कुनीतरी लय हुशार मानसानं लिवलाय," ते म्हणाले. "वाचला ना, तं आमालाच पटंल. पन यात आमचा गाव दोन ठिकानी होतो. नाल्याच्या अल्याड तीस घरं, देवीचं देऊल, माझं घर. पल्याड बाकी सगलं गाव. माझा सख्खा भाव पल्याड हाय. आमचा गाव एक हाय, दोन न्हाय."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला. हरकत लिहिताना मी नकाशावर नाला पाहिला होता. नाल्याच्या काठी काय आहे ते पाहायला गेले नव्हते. इंद्रलोकमध्ये इतकी वर्षं राहून मी त्या बाजूला दोन-तीनदाच गेले असेन, तेही रिक्षातून.

मी म्हटलं, "काका, आधी मला जागा दाखवा. बघितल्याशिवाय कसं लिहू?" हे वाक्य म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटली, कारण आठवड्यापूर्वी मी न बघताच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं, म्हणजे मी आणि मिस्टर, त्यांच्याबरोबर गेलो. इमारतींच्या मागची गल्ली संपली की कौलारू आणि स्लॅबची घरं एकमेकांना चिकटून लागतात. मधून नाला जातो, दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घातलेला. त्यावर दोन माणसं शेजारून जाऊ शकतील एवढा छोटा पूल. पुलावरून बायका डबे घेऊन इकडून तिकडे जात होत्या. कोणाच्या तरी घरी साखरपुडा होता, भांडी अल्याडची होती आणि स्वयंपाक पल्याड चालला होता.

"यो नाला न्हाय," काका पुलावर थांबून म्हणाले. "यो पाट हाय. माझे आज्यानं खनला. भरतीचं पानी यातून मिठागरात घ्यायचं. आता मिठागरां गेली, नगरपालिका आली, तिनं भिती बांधल्या न नाव दिलं नाला. पन गाव तं पाटाच्या दोन्ही अंगाला आधीपासून व्हता."

मिस्टरांनी नकाशा उघडून पाहिला. नकाशावर ती एक निळी बारीक रेषा होती, एवढंच.

काकांनी आम्हाला घरी नेलं. ओटीवर बसून त्यांच्या सुनेने दिलेला चहा घेताना ते आपल्या घरातल्या मतांची गोष्ट सांगायला लागले. त्यांच्या आजोबांना इंग्रजांच्या वेळी मत होतं, कारण भाताच्या जमिनीचा सारा त्यांच्या नावावर होता. त्याच मिठागरात कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढणाऱ्या मजुरांना नव्हतं. आजोबा मत द्यायला बैलगाडी जोडून जायचे आणि मजूर गाडीमागून नुसते बघायला चालत जायचे, असं काकांनी वडिलांकडून ऐकलं होतं.

"आनि माझी आय," ते पुढे म्हणाले. "स्वराज्य आलं, सगल्यांना मत मिलालं. यादी लिवायला मास्तर घरोघर आला. आयेला इचारलं, नाव काय? ती म्हनली, अमक्याची बायको. नवऱ्याचं नाव तोंडानं घेयाचं न्हाय, न स्वतःचं नाव परक्याला सांगायचं न्हाय, असा रिवाज व्हता. मास्तरनं तसंच लिवलं. मंग वरून हुकूम आला, बायको, आय, असलं चालायचं न्हाय, नाव पायजे. आयेचं नाव काटलं. पयल्या विलेक्शनला बा गेला, आय घरी."

"मग?" मिस्टरांनी विचारलं.

"मंग काय! दुसऱ्या येलेला मास्तर आला तं आय रस्त्यावर जाऊन उबी. लांबनंच वरडून नाव सांगतली. सगल्या गावानं ऐकलं." काका तोंडभर हसले. "तवापास्न मरेतोवर तिनं एक मत चुकवलं न्हाय."

मी हे सगळं साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. नाव सांगायला नकार दिलेल्या बायका, यादीतून काढलेल्या नोंदी. मी ते टाइपही केलं होतं, कोणत्या तरी युक्तिवादात. पण तेव्हा त्या बायकांना चेहरा नव्हता, आणि त्यांच्यापैकी एकीच्या ओटीवर बसून आपण चहा पिऊ असं काही मला वाटलं नव्हतं.

मला आता गप्प बसवेना. "काका," मी म्हटलं, "तो अर्ज मी लिहिला आहे. सोसायटीचा. हुशार माणूस म्हणालात ना, ती मीच."

सून दारात होती, ती जागच्या जागी थांबली. काकांनी मांडीवर थाप मारली.

"मंग बरंच झालं की! ज्यानं गाठ मारली त्यालाच ती सोडवता येते. सोडवा आता तुमीच."

घरी येऊन आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर गटांची यादी पसरून बसलो. आमच्या सोसायटीचे तुकडे होऊ नयेत ही मागणी रास्त होती, ती सोडायचं कारण नव्हतं. पण रेघ नाल्याकडे न ओढता उलट बाजूला, ई-एफ विंगांच्या मागच्या मोठ्या रस्त्यावर नेली तर? तर सहाही विंगा एकत्र राहत होत्या आणि गावही एकत्र राहत होतं, सगळे एकाच वॉर्डात. प्रश्न लोकसंख्येचा होता. आमच्या वॉर्डात माणसं वाढणार, शेजारच्या वॉर्डातली कमी होणार. मिस्टरांनी तीनदा बेरीज केली. पहिल्यांदा मर्यादेच्या वर गेली, कारण त्यांनी जेसल पार्ककडचा एक गट चुकून आमच्यात धरला होता. तो काढल्यावर दोन्ही वॉर्ड जेमतेम पण बसले. काकांना फोन करून विचारलं, तर गावाला सोसायटीसोबत चालेल म्हणाले.

आता सेक्रेटरींना पटवायचं होतं. त्या संध्याकाळी क्लब हाउसमध्ये कमिटीची मीटिंग झाली. मी सगळं सांगितल्यावर सेक्रेटरी खुर्चीत मागे टेकले.

"आंटी, आप किसकी तरफ से हो? अपना काम तो हो गया था."

"आपलंच काम करतेय मी," मी म्हटलं. "पण आपण अर्जात लिहिलंय की आमच्या सोसायटीचे दोन भाग करू नका. आणि त्याच कागदावर दुसऱ्यांच्या गावाचे दोन भाग करतोय. अधिकाऱ्याने हे विचारलं तर काय सांगायचं?"

"गाँव कहाँ है आंटी? अब तो सब बिल्डिंग ही बिल्डिंग है."

"कल सुबह चलिए मेरे साथ," मी म्हटलं.

"और उनके साथ एक वॉर्ड में गए तो अपनी सुनेगा कौन? वो पुराने लोग हैं, सबको जानते हैं."

हा प्रश्न खोटा नव्हता. पाण्याच्या तक्रारीसाठी आम्ही किती वेळा रिकाम्या हाताने परत आलो होतो ते सगळ्यांनाच माहीत होतं. मी म्हटलं, "आपली मतं त्यांच्या कितीतरी पट आहेत. भीती वाटायचीच असेल तर त्यांना वाटायला हवी. तरी ते आपल्यासोबत राहायला तयार आहेत."

सेक्रेटरी सकाळी यायला तयार झाले, तेही 'देखने में क्या जाता है' म्हणत.

सकाळी पुलावर काका वाट पाहत होते. त्यांनी सेक्रेटरींना अल्याडचं देऊळ दाखवलं, पल्याडची विहीर दाखवली, भावाचं घर दाखवलं. भावाच्या घरी आम्हाला तांदळाच्या गरम भाकऱ्या आणि लाल माठाची भाजी मिळाली. सेक्रेटरी कच्छकडचे. जेवता जेवता ते मिठाबद्दल विचारू लागले, पाणी कुठून घ्यायचे, किती दिवसांत मीठ धरायचं. त्यांच्या मामांचीही तिकडे मिठाची शेती होती, हे आम्हाला इतकी वर्षं शेजारी राहून तेव्हा कळलं. काका त्यांच्याशी हिंदीत बोलत होते आणि ते काकांशी मराठी बोलायचा प्रयत्न करत होते. त्यात दोघांचंही बरंच चुकत होतं.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी सेक्रेटरी म्हणाले, "ठीक है आंटी. नया वाला लिखो. पुराना वापस लेते हैं."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोन अर्ज दिले. एक सोसायटीचा सुधारित आणि दुसरा गावाचा, दोन्हीत एकच मागणी. गावाच्या अर्जावर सत्तर-ऐंशी सह्या होत्या, त्यातल्या काही अंगठ्याच्या. मला मुदतीची एवढी घाई होती, त्याला एक कारण होतं. साहेबांकडे एकदा एका गावाची माणसं आली होती, त्यांचा मतदारसंघ असाच चिरला गेला होता. पण हद्दींचा आदेश निघून गेल्यावर ती आली. साहेबांनी जिवाचं रान केलं तरी कोर्टाने हात लावला नाही. एकदा आदेश प्रसिद्ध झाला की त्यात कोर्ट सहसा पडत नाही, नाहीतर निवडणुका कधी होणारच नाहीत. ती माणसं जिना उतरून गेली तेव्हा साहेब खिडकीशी उभे राहून म्हणाले होते, "चूक त्यांची नव्हती हो. त्यांना फक्त उशीर झाला."

सुनावणीला महापालिकेच्या सभागृहात खूप गर्दी होती. आमचा क्रमांक पुकारला तेव्हा आम्ही चौघं पुढे गेलो, काका, सेक्रेटरी, मिस्टर आणि मी. अधिकारी चष्म्यावरून पाहत कागद चाळत होते.

"आधी नाल्याची मागणी होती. ही कोणी लिहिली?"

"मी," मी म्हटलं.

"आणि ही नवी? नाला नको म्हणणारी?"

"तीही मीच."

मागे हशा झाला. अधिकारीही हसले. "मग सुनावणी तुमची तुमच्यातच घ्यायची की काय?" मग गंभीर होऊन म्हणाले, "पण पहिली मागणी नियमात बसते. नाला ही नैसर्गिक हद्द आहे."

मी तोंड उघडायच्या आत काका एक पाऊल पुढे झाले. "सायेब, तो नाला न्हाय. माझे आज्यानं खनलेला पाट हाय. तुमी जुना कागद काढा, मिठागराचा पाट म्हनून लिवलंय." त्यांनी पिशवीतून जमिनीचा जुना उतारा काढून टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला.

मग मी बोलले. वस्तीचे तुकडे शक्यतो पाडू नयेत हेही त्याच नियमांत आहे, आणि मोठा रस्ता हीदेखील चांगली हद्दच आहे, एवढंच. अधिकाऱ्यांनी विचारलं, "लोकसंख्या?" मिस्टरांनी घडी केलेला कागद पुढे केला. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, आमाला गावाबरोबर चालेल." तेवढं एक वाक्य त्यांनी येताना रिक्षात पाठ केलं होतं.

सगळं मिळून पाच मिनिटं. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो आणि कोणालाच काय झालं ते नीट कळलं नव्हतं.

अंतिम रचना प्रसिद्ध झाली तेव्हा सेक्रेटरींनी पुन्हा फोटो आणला. रेघ मोठ्या रस्त्यावर गेली होती. आमची दुसरी एक विनंती, मतदान केंद्र सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये द्यावं ही, मान्य झाली नाही. त्याबद्दल एफ विंगेतल्या एक बाई अजून मला बोलतात. ते मी ऐकून घेते.

मतदान गावाजवळच्या शाळेत झालं. इतकी वर्षं मी मत देऊन सरळ घरी यायचे. यंदा रांगेत पुढे काकांच्या सुना आणि मागे आमच्या बी विंगेतले लोक होते, आणि रांग हलत नव्हती म्हणून दोन्हीकडचे मिळून पोलिसाशी हुज्जत घालत होते. काका मत देऊन बाहेर आले ते थेट कट्ट्यावर बसले आणि सेक्रेटरींनाही बसवून घेतलं. मला म्हणाले, "ताई, जेवूनच जा. आज भावाकडं हाय जेवन."

मी मत देऊन आले तेव्हा मिस्टर आधीच पुलावरून पलीकडे गेलेले होते.